ढालीचा टोमणा

३ डिसेंबर

भाकर करपली. एकच करपली — आणि नेमकी तीच अण्णाजींच्या ताटात!

चूक माझीच. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात मोबाइल. गेममधली लढाई अर्ध्यावर सोडता येत नाही, हे या घरात कोणाला सांगू? सासऱ्यांनी भाकर उलटीपालटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. आता वाजणार — तेवढ्यात सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं तं जलमभर कोळसेच खाऊ घातले सगळ्याइले. तवा नाई दिसले?"

झालं! अण्णाजी भाकर विसरले, मला विसरले, बहिणीवरून सुरू झाले. आईंनी डोळ्यांनीच मला खुणावलं — जा आत. मी सटकले. नवरा खाली मान घालून वरण-भात कालवत होता. मुकेश जेवताना बहिरा होतो.

पण आईंची जीभ! भागीरथाबाईंच्या तोंडी कोणी लागू नये असं गल्लीत म्हणतात ते उगाच नाही. मलाही सकाळी त्या जिभेचा एक तडाखा मिळाला होता — "आमच्या सुनबाईचं एक बोट मोबाइलले चिकटलं हाय, नऊ बोटाइनंच भाकर थापते." नऊ बोटांनी थापलेली करपणारच मग.

४ डिसेंबर

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातला गोंधळ कमी होईल.

सपना माझी कॉलेजची मैत्रीण, आर्वीचीच. आता पुण्याला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांचा राक्षस-जादूगारांचा गेम मराठीत येतोय. चौघांची टोळी बांधायची आणि गुहांमधल्या राक्षसांशी लढायचं. टोळीत कोणाचं काय काम, त्या कामाचं पात्र कसं घडवायचं, हे नव्या खेळणाऱ्याला सोप्या मराठीत सांगणारा मजकूर हवा आहे. आधी स्वतः खेळायचं, मग लिहायचं. नमुना पसंत पडला तर जानेवारीपासून तीन महिने पुण्याला, त्यांच्या ऑफिसात. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवायचं.

काम मला हवंय. खूप हवंय! एम.ए. मराठी करून दोन वर्षं मी फक्त किराण्याची यादी लिहिली आहे.

पण म्हणजे अण्णाजींना सांगायचं.

मुकेशला सांगितलं. एसटी डेपोतून आला होता, हाताला ग्रीस तसंच. म्हणाला, "पाहू." मुकेशचं 'पाहू' म्हणजे कोणीतरी दुसरं पाहील.

६ डिसेंबर

'पार्टी' हा शब्द काढून टाकला. आर्वीत पार्टी म्हटलं की लोक विचारतील, कोणती? सत्तेतली की विरोधातली? टोळीच बरी.

टोळीत चौघे. पुढे उभी राहते ती ढाल. मागून बाण मारतो तो धनुर्धर. जादूने शत्रूचे पाय बांधतो तो मांत्रिक. आणि जखमा बऱ्या करते ती वैद्य. सुरुवातीला गुण वाटायचे असतात — ताकद, चपळाई, शहाणपण, दम. मी सगळ्यांना सगळं सारखं वाटलं. वाटलं, कोणावर अन्याय नको. पहिल्याच गुहेत चौघेही आडवे!

सपना फोनवर म्हणाली, "सत्यनारायणाचा परसाद वाटला काय वो? थोडा थोडा सगळ्याइले?"

मग लिहिलं — "ज्याचं जे काम, त्याला तेच भरभरून द्या. धनुर्धराला ताकद देऊन उपयोग नाही, चपळाई द्या. वैद्याला शहाणपण द्या. ढालीला दम द्या. जो सगळं थोडं थोडं करतो, तो वेळेवर काहीच करत नाही." शेवटचं वाक्य मुकेशला वाचून दाखवलं. "चांगलं हाय," म्हणाला.

मी स्वतः वैद्य घेतली आहे. ती सगळ्यांच्या मागे उभी राहते. माझ्या स्वभावाला बरोबर.

७ डिसेंबर

परत मेलो. सपनाचं म्हणणं, "तू ढालीले सोडून सोताचंच खरचटलेलं बरं करत बसते. भित्री वैद्य सगळ्याइले मारते." रागच आला. पण खरं आहे.

८ डिसेंबर

आज मजा आली. (आणि अण्णाजी रोहण्याला शेतावर मुक्कामी, म्हणून मोकळेपणाने आली.)

गेममध्ये प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते. तिचं नाव मी ठेवलं 'राग'. ज्याच्यावर राग जास्त, त्याला तो मारतो. धनुर्धराने घाईघाईत मोठा बाण सोडला — राग धनुर्धरावर. वैद्याने भरभरून बरं केलं तरी राग वैद्यावर! म्हणजे जो काही चांगलं करायला जाईल त्याच्यावरच.

मग ढाल कशाला? मला वाटायचं, जाड चिलखत घालून उभं राहायला. तसं नाही. ढाल नुसती उभी राहिली तर शत्रू तिला वळसा घालून मागच्यांवर जातो. ढालीचं खरं काम म्हणजे राग आपल्यावर ओढून घेणं. त्यासाठी तिच्याकडे एक खास विद्या आहे — शत्रूला असं काही बोलायचं की तो बाकी सगळ्यांना सोडून तिच्याच अंगावर येईल.

या विद्येला मराठीत काय म्हणावं? 'आव्हान' — कुस्तीचं वाटतं. 'डिवचणे' — जमतं, पण चव नाही. सकाळपासून चार शब्द लिहून खोडले. मग आईंचा तो कोळसा आठवला आणि लिहिलं — टोमणा!

सपना हसून हसून लोळली. "टोमणा तं सासूचा असते वो! राक्षसाले सासू लावून देतं काय?"

म्हटलं, लावून तर बघ. राक्षस पळून जाईल.

१० डिसेंबर

दुपारी आई लसूण सोलत होत्या. मी शेजारी गेम खेळत होते. मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, "हा बाप्या काऊन सगळ्याइच्या पुढं उभा हाय?"

"तो ढाल हाय, आई. तो मार खाते म्हणून मागचे वाचतात."

"पयतही नाई?"

"नाही पळत. उलट तोच बोलून बोलून राक्षसाला अंगावर घेतो."

आईंचे हात थांबले. मग विचारलं, "अन त्याले कोन वाचवते?"

"वैद्य. ही बघा, मागं उभी आहे. ती त्याच्या जखमा बऱ्या करते."

"बरं हाय मंग त्याचं," म्हणाल्या आणि पुढची पाकळी घेतली.

१२ डिसेंबर

नमुना पसंत पडला! काल संध्याकाळी सपनाचा फोन आला. टोमणाही ठेवणार म्हणाली. मी इतकी हसले, इतकी हसले की अण्णाजी शेतावरून आलेले कळलंच नाही. कापूस वेचायला बाया मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे ते आधीच तापलेले. दारातूनच ओरडले, "कोनाशी हसून राह्यली ही? पानी द्याले कोनी नाई या घरात?"

मी काही बोलणार, तर आई मध्ये — "तुमच्या घरात कोनी हसलं तं बातमीच हाय. म्हून तं शेतापरेंत आयकू आली!"

आणि मला म्हणाल्या, "गच्चीवर कपडे वायले असन. घेऊन ये. आरामानं येजो, घाई नाई."

मी वर जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. खाली आवाज चढला. काहीतरी पडल्यासारखं झालं. भांडं असेल म्हटलं. आईंना कशाला बोलायचं असतं मध्येमध्ये, असंही मनात आलं.

आज सकाळी पाहते तर आईंचा उजवा हात कोपरापासून सुजलेला. शेजारच्या तानाबाई रोज कुंपणाच्या भिंतीवरून बोलतात, त्यांनी विचारलं, "काय झालं वो भागीरथा?"

"मोरीत घसरली."

"जपत जाय वो बाई," म्हणाल्या तानाबाई आणि लगबगीने आत गेल्या.

मी हळदीचा गरम लेप लावला. "अंगावर हळद एवढी! लगन लावून देतं काय माह्यं परत?" हे मला. म्हणजे ठीक असाव्यात.

पण मग दुपारी परत रोहण्याला गेलेल्या अण्णाजींना फोन केला तेव्हा आईंचा आवाज इतका बारीक का होता?

१३ डिसेंबर

झोप नाही, जेवण जात नाही. लिहिते.

परवा नळ आला नव्हता. मोरी कोरडीठाक होती. मीच सकाळी घासून ठेवली होती, फरशी पांढरी पडली होती.

आणि या घरात आम्ही चौघं राहतो. मोरी एकच. अण्णाजी कधी घसरले नाहीत. मुकेश नाही. मी नाही. फक्त आईच घसरतात. पोळ्याला घसरल्या होत्या — पोळ्याआधी मी चार दिवस माहेरी जाऊ का विचारलं होतं. माझ्या पहिल्या संक्रांतीला घसरल्या होत्या — तेव्हा माझ्या हातून तुपाची बरणी फुटली होती. दोन्ही वेळी आई काहीतरी लागट बोलल्या होत्या. दोन्ही वेळी मला कुठेतरी पाठवलं होतं. एकदा दुकानात, एकदा गच्चीवर.

मी खूष व्हायची. वाचले म्हणून!

मोबाइल उघडला. माझाच मजकूर समोर — "टोमणा मारला की सगळा राग ढालीवर येतो. मागच्यांना ओरखडाही येत नाही."

१४ डिसेंबर

वर्षालीला फोन केला. मुकेशची बहीण, समुद्रपूरला दिली आहे, तिथेच शाळेत शिकवते. सरळ विचारलं, आई मोरीत किती वेळा पडल्या?

ती म्हणाली, "वहिनी, मी बी.एड.ले वर्ध्याले गेली न, त्याच्या आदल्या रोजी आई मोरीत पडली होती. हात मोडला होता. अण्णाजी माह्यावर धावून आले होते, तं आई काहीतरी बोलली त्याइले. काय बोलली तेबी आठवत नाई आता. दुसऱ्या दिवशी पलस्तर घातलेल्या हातानं मले टाटा करून राह्यली होती दारात."

मग — "आमच्या मोरीत पान्यापेक्षा आईच जास्त पडते."

१५ डिसेंबर

मुकेशला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"लहानपनापासून."

"आणि?"

"आणि काय? ती चूप राह्यली तं त्याइचं त्याइचं थंडं होते. पन तिले चूप बसताच येत नाई. जीभच तशी हाय तिची."

अस्सा राग आला! ती तुझ्यासाठी बोलली, बह्याडा. वर्षालीसाठी बोलली, माझ्या करपलेल्या भाकरीसाठी बोलली. तू मान खाली घालून वरण-भात खाल्लास तो तिच्या पाठीमागे बसून खाल्लास! हे सगळं बोलले. मोठ्याने बोलले की मनात, नक्की आठवत नाही. तो उठून गाडी पुसत बसला. बराच वेळ एकच आरसा पुसत होता.

आणि मी वेगळी कोण? 'आईंची जीभ, आईंची जीभ' म्हणून माहेरी फोनवर नकला करून दाखवते मी.

१६ डिसेंबर

सपनाचा निरोप — "काय ठरलं वो? साहेब विचारून राह्यले." उत्तर दिलं नाही.

मी पुण्याचं सांगणार. अण्णाजींची शीर फुगणार. आई तोंड उघडणार. मग 'मोरी'. तीन महिने मी तिकडे आणि इकडे रोज मोरी! नाही सांगितलं तर काम गेलं. सांगितलं तर आईंचा हात गेला. दोन्हीकडून विचार करून डोकं भणाणलंय.

१७ डिसेंबर

आईंना सांगितलं, मी नाही जात पुण्याला.

त्या तुरी निवडत होत्या, डाव्या हाताने. सूप खाली ठेवलं. "काऊन?"

"अण्णाजींना सांगायची हिंमत नाही."

"सांगजो. बिनघोर सांगजो. मी हाव न!"

"तुम्ही आहात म्हणूनच नाही सांगत, आई."

माझ्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. समजलं होतं त्यांना. मी सुजलेल्या हातावर हात ठेवला तर ओढून घेतला. मग सुपातला एक खडा उचलून दूर फेकला. "माह्याशिवाय कोन झेलन त्याइले? मले सवय हाय. तुह्या त्या मोबाइलमंधल्या बाप्यालेबी सवयच असन." आणि थोड्या वेळाने, "त्याची वैद्य लहान हाय. कालच आली. तिले काय येते?"

मी रडले. त्यांना ते आवडलं नाही. "तुरीत पानी पाडू नोको," म्हणाल्या.

वर्षालीकडे जाऊन राहा म्हटलं, तर नाही. तिचा संसार आहे म्हणे. मी म्हटलं, पुढच्या वेळी मला गच्चीवर पाठवू नका. त्यावर त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

१८ डिसेंबर

शेवटच्या गुहेतला राक्षस कोणत्याच एका ढालीला आवरत नाही. कितीही दम द्या, कितीही लेप लावा, शेवटी ढाल पडतेच. दिवसभर हरले. मग सपनाने सांगितलं — दोन ढाली लागतात. पहिली थकली की दुसरीने लगेच टोमणा मारायचा. राग तिच्याकडे वळला की पहिलीने मागे यायचं आणि श्वास घ्यायचा.

"अन दुसरी ढाल कुठून आणू? चारच जण आहेत."

"वैद्यच मोडून बनव न!"

गेममधल्या एका गावात एक म्हातारी आहे. तिच्याकडे गेलं की दिलेले सगळे गुण परत मिळतात, पुन्हा वाटता येतात. गेले. शहाणपण काढलं. सगळा दम घेतला.

आता मला नव्याने घडवणारी म्हातारी कुठे शोधू?

१९ डिसेंबर

उद्या वीस तारीख.

सकाळपासून टोमणे सुचवून पाहते आहे. सुचत नाहीत! एम.ए. मराठी, आणि एक धड टोमणा नाही. आईंना बघा, लसूण सोलता सोलता तीन होतात. आरशासमोर म्हणून पाहिला. 'अहो अण्णाजी' एवढंच आलं, तेही देवाला हाक मारल्यासारखं.

आणि आज अण्णाजी कसे आले? शेजारच्या शेतातली संत्री घेऊन! गल्लीतल्या लेकरांना वाटली, तानाबाईंना दोन दिली, सगळ्यांशी गोड. सगळं गाव म्हणतं, अण्णाजींसारखा शांत माणूस नाही. मग एक सोलून माझ्या हातावर ठेवलं — "खाय वो अपेक्षा. गोड हाय." खरंच गोड होतं. माझा सगळा धीर त्या संत्र्यात गेला. वाटलं, मीच वेडी. हा माणूस असं करेल?

मग आई समोर आल्या. संत्रं सोलता येत नव्हतं त्यांना.

२० डिसेंबर

पुण्याचं सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर. अण्णाजींची शीर फुगली. आईंनी तोंड उघडलं — पण आज टोमणा आधी मी मारला. "अण्णाजी, गावात तुमचा आवाज कोनालेच मालूम नाई. सारा घरच्याइसाठीच राखून ठेवला काय?"

राग माझ्याकडे वळला. तांब्या आला, भुवईवर लागला. दुसऱ्यांदा हात उठला तो मुकेशने धरला. खरकट्या हाताने.

सपनाला 'हो' कळवलं.

तानाबाई भिंतीपलीकडून — "अवो माय, मोरीत घसरली काय वो?"

"मोरीत नाई घसरली, काकू. अण्णाजीनं मारलं."

माझ्या मागे आई हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी बी कधी घसरली नाई."